विधेयक समितीकडे गेले, पुढे काय?

वर्तमानपत्रात अधूनमधून एक ओळ छापून येते: 'सदर विधेयक संयुक्त समितीकडे पाठविण्यात आले.' ही ओळ वाचून आपल्यापैकी बहुतेक जण पान उलटतात. बिडकीनला पैठण रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात चार माणसे चहा घेत बसली असली, तर त्यांतला तरुण म्हणतो, "गेलं बासनात." वयाने मोठा म्हणतो, "घाई कशाला? कायदा म्हणजे पोरखेळ आहे काय? चार शहाणी माणसं बघतील, मग होईल." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न नुसता राजकारणाचा राहत नाही, तो नीतीचा होतो. एखादी गोष्ट न्याय्य आहे हे कळल्यावर ती करण्यासाठी थांबावे काय? थांबावे तर किती? आणि थांबण्याचा भार कोणी वाहावा?

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात एक गोष्ट मुद्दाम सांगितली. संसदीय कामकाजाची रीत या देशाला परकी नाही. प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी यांचे नियम भिक्षू संघाला ठाऊक होते आणि संघ ते पाळीत होता. ही गोष्ट आपण पुष्कळदा सभेत सांगतो, पण तिच्या पोटात शिरून पाहत नाही. संघात समितीसुद्धा होती. तिचे पाली नाव उब्बाहिका.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वैशालीच्या संगीतीची हकीकत आली आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वज्जीच्या भिक्षूंनी दहा सवलती स्वतःच घेतल्या होत्या. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे सोन्यारुप्याचा स्वीकार. उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे भांडे मांडायचे आणि उपासकांना त्यात नाणी टाका म्हणायचे, असा प्रकार चालला होता. यश नावाच्या भिक्षूने याला हरकत घेतली. त्याचा वाटा त्याला देऊ केला, तो त्याने नाकारला. तेव्हा उलट त्यालाच दंड करण्यात आला. शेवटी पूर्वेचे व पश्चिमेचे सातशे भिक्षू जमले. पण सातशे माणसांच्या सभेत बोलणे वाढतच गेले, कोणाच्या बोलण्याचा अर्थ कोणाला लागेना. मग रेवत स्थविरांनी ठराव मांडून पूर्वेचे चार आणि पश्चिमेचे चार असे आठ भिक्षू निवडून घेतले. हे आठ जण वालिकाराम या शांत जागी बसले. रेवतांनी एकेक मुद्दा विचारला आणि ज्येष्ठ सब्बकामींनी उत्तर दिले. दहाही मुद्दे विनयाविरुद्ध ठरले.

येथपर्यंत ही आजच्या प्रवर समितीसारखीच गोष्ट आहे. पुढचा भाग मात्र नीट लक्षात घेतला पाहिजे. निर्णय झाल्यावर सब्बकामी म्हणाले की वाद तर मिटला, तरी हेच दहा प्रश्न मला संघाच्या मध्यभागी पुन्हा विचारा, म्हणजे इतर भिक्षूंची खात्री पटेल. आणि रेवतांनी ते दहाही प्रश्न भर संघात पुन्हा विचारले.

समितीकडे जाण्यात मुळीच दोष नाही, हे यावरून दिसते. गोंगाटात सत्य ऐकू येत नसेल तर थोड्यांनी शांतपणे बसावे, हे शहाणपणच आहे. पण समितीकडे गेलेली गोष्ट समितीची मालकीची होत नाही. ती परत आली पाहिजे आणि जिच्या माथी निर्णय बसणार आहे त्या सभेसमोर पुन्हा उघडी झाली पाहिजे. जी गोष्ट परतच येत नाही, किंवा आपले रूप हरवून येते, तिच्याबाबतीत विचार झाला असे म्हणता येत नाही. आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही.

प्रथम वतनाचे घ्या. सभा देशाची नव्हती, मुंबई प्रांताची होती. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे बिल मांडले. वतनदार महार हा चोवीस तास सरकारचा बांधील. मोबदला काय, तर इनामाचा तुकडा आणि गावकऱ्यांनी मर्जीने दिलेले बलुते. ते बलुते रोख रकमेत वसूल व्हावे, आणि ज्याला ही चाकरी नको असेल त्याने जमिनीचा पुरा सारा भरून मोकळे व्हावे, एवढीच मागणी होती. बिल सिलेक्ट कमिटीकडे गेले. परत आले तेव्हा त्यात असा फेरफार झाला होता की ज्यासाठी आणले तेच हाती राहिले नाही. १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागे घेतले. महारकी कायद्याने मोडली ती मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने, म्हणजे तीस वर्षांनी. (बिडकीन तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथे असे बिल मांडायला सर्वसामान्यांनी निवडलेले विधिमंडळच नव्हते. नाकारले जाण्यासाठीही आधी दार असावे लागते.)

हिंदू कोड बिलाची गोष्ट उलटी आहे, आणि ती आपले लोक पुष्कळदा चुकीची सांगतात. ते बिल समितीने मारले नाही. ९ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी ते प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव मांडला, समितीचे अध्यक्षपद त्यांनीच सांभाळले, आणि १२ ऑगस्ट १९४८ ला समितीचा अहवाल आला. अवघ्या चार महिन्यांत काम झाले. त्यापूर्वी राव समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या होत्या, त्यामुळे लोकांना विचारले नाही अशी तक्रार करायलाही जागा नव्हती. बिल अडले ते खुल्या सभागृहात. तीन वर्षे भाषणे झाली. सप्टेंबर १९५१ मध्ये चार कलमे मंजूर झाली आणि बिल गुंडाळून ठेवले गेले. त्याच महिन्यात बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५ आणि १९५६ साली त्याच बिलाचे चार तुकडे चार कायदे म्हणून मंजूर झाले. विवाह आणि वारसा यांच्यासाठी या कायद्यांनी 'हिंदू' शब्दाच्या व्याख्येत बौद्धांनाही धरले आहे. ही व्याख्या आपल्याला खुपते, ते वेगळे. पण बौद्ध घरातील लेकीचा वाटा आज त्याच पायावर उभा आहे.

तेव्हा 'समिती म्हणजे बासन' हे तरुणाचे म्हणणे अर्धेच खरे. विलंब समितीच्या खोलीतही होतो आणि भर सभागृहातही होतो. विलंब कोणत्या जागी झाला हे पाहण्याऐवजी विलंबाच्या काळात जगले कोण, हे पाहावे.

याबाबत आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा दाखला १९५६ नंतरचा आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदूच असला पाहिजे, अशी अट घातली होती. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा घेऊन आपण त्या अटीच्या बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राच्या सवलतींना मात्र १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! एवढ्या काळात एक पिढी शाळेत गेली, नोकरीच्या वयाची झाली आणि काहींची ते वयही उलटले. घरात त्रिशरण, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि मुलाच्या दाखल्यावर 'हिंदू महार', अशी कितीतरी घरे मराठवाड्यात होती. त्या बापाने खोटे लिहिले काय? पंचशीलातले चौथे शील मोडले काय? मी त्याला दोष देणार नाही. कायद्याने त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या होत्या, मुलाची भाकर किंवा स्वतःचे नाव. ज्यांनी प्रश्न चौतीस वर्षे पडू दिला, त्यांचे शील तपासले पाहिजे.

याच्या शेजारी दुसरी तारीख ठेवून पाहा. आर्थिक दुर्बल घटकांना दहा टक्के आरक्षण देणारे घटनादुरुस्ती विधेयक ८ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी मंजूर झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने मंजूर केले. ते प्रवर समितीकडे पाठवावे ही मागणी तेथे फेटाळली गेली. गरिबाला मदत होऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण दोन दिवस आणि चौतीस वर्षे ही दोन मापे एकाच दुकानातली आहेत, हे विसरून चालणार नाही.

आपल्याला नेहमी संयम ठेवायला सांगतात. खंती, म्हणजे क्षांती, ही पारमिता आहेच. पण क्षांती हा ज्याने त्याने स्वतःच्या क्रोधावर मिळवलेला विजय आहे. दुसऱ्याच्या वाट्याची क्षांती त्याच्यावर लादता येत नाही. ताटावर बसलेल्याने उपाशी माणसाला धीर धरायला सांगावे, याला धम्मात कोणतेही नाव नाही. पालीत 'उपेक्खा' म्हणजे तोल न ढळलेले, समतोल चित्त. त्याच शब्दाचे संस्कृत रूप 'उपेक्षा' मराठीत हेळसांड या अर्थाने रुळले. एकाच शब्दाची ही दोन टोके समित्यांच्या कामातही दिसतात. रागलोभ बाजूला ठेवून कलम न कलम तपासणारी समिती असते, आणि फाइलवर बसून राहणारीही असते.

बसून राहण्याला कायद्याची मोठी मदत होते. लोकसभेपुढे असलेले विधेयक लोकसभा विसर्जित होताच बाद होते. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या दुरुस्त करणारे १९६७ चे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, १९६९ ला अहवाल आला, १९७० च्या अखेरीस लोकसभा विसर्जित झाली आणि सारे काम पाण्यात गेले. कोणाला नाही म्हणावे लागले नाही, कोणाचे मत विरुद्ध नोंदले गेले नाही. अन्यायाचा हा फार सभ्य प्रकार आहे.

पण त्या वयस्क गृहस्थाची बाजूही तितकीच भक्कम आहे, आणि तिचा दाखला बिडकीनच्या शिवारालगतच मिळतो. दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी येथे सुमारे आठ हजार एकरांची वसाहत आखली गेली. त्यामुळे 'औद्योगिक पट्टा' या शब्दाचा अर्थ येथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा होण्यापूर्वी त्याचे विधेयक २०११ साली ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे गेले होते आणि तपासून आले होते. त्या कायद्याने सामाजिक परिणामांची पाहणी सक्तीची केली. बाधित कुटुंबांत त्याने दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या भूमिहीन मजुरालाही धरले. सातबारावर ज्याचे नाव नाही त्याचेही काही जाते, हे कायद्याने मान्य केले. आपल्यापैकी किती जणांचे नाव सातबारावर आहे, ते आपणच मोजावे.

३१ डिसेंबर २०१४ रोजी वटहुकूम निघाला आणि औद्योगिक पट्ट्यांसह पाच प्रकारच्या कामांना संमतीच्या अटीतून आणि या पाहणीतून सूट देण्याची सोय झाली. वटहुकूम कोणत्याही समितीपुढे जात नाही, तो एका रात्रीत कायद्याचे बळ घेऊन येतो. देशभर शेतकरी उठले. मे २०१५ मध्ये ते विधेयक संयुक्त समितीकडे गेले, ऑगस्टअखेर वटहुकूमही संपू दिला, आणि २०१९ ला लोकसभेबरोबर विधेयकही बाद झाले. येथे बासन कामी आले. ज्यांच्यावर घाला येणार होता त्यांना वेळ मिळाला. विलंबाचा भार या वेळी घेणाऱ्यावर पडला, देणाऱ्यावर नाही. म्हणून १९५६ ते १९९० चा विलंब आणि २०१५ चा विलंब यांना मी एका मापाने मोजणार नाही.

समितीत ऐकून घेतले तर काय होते, याचाही एक दाखला आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देणारे वारसा दुरुस्ती विधेयक २००४ साली मांडले गेले. महाराष्ट्राने हा हक्क १९९४ लाच दिला होता, देशाचे बाकी होते. पण मूळ विधेयकात शेतजमिनीबाबतचा जुना अपवाद तसाच राहिला होता, आणि त्याच्या आडून काही राज्यांत मुलींना जमीन नाकारली जाई. विधेयक स्थायी समितीकडे गेले, स्त्रियांच्या बाजूने मोठी मोहीम झाली, आणि २००५ ला मंजूर झालेल्या कायद्यातून तो अपवाद काढून टाकला गेला. हे विधेयक घाईने मंजूर झाले असते तर खेड्यातली लेक पुन्हा बाहेर राहिली असती.

मग आज काय चालले आहे? १९९३ पासून संसदेत खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत. आज त्या चोवीस असून प्रत्येकीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा सदस्य असतात. २००९ ते २०१४ च्या लोकसभेत शंभरातली सुमारे एकाहत्तर विधेयके समित्यांकडे गेली. २०१९ ते २०२४ च्या लोकसभेत हे प्रमाण सोळावर आले. २०२० चे शेतीचे तीन कायदे समितीकडे न जाताच झाले आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर २०२१ साली मागे घ्यावे लागले. 'बासनात गेलं' म्हणून हळहळण्याची वेळसुद्धा आता कमी येते, कारण पुष्कळ विधेयके बासनाजवळून न जाताच कायदा होतात.

समितीची बैठक बंद दाराआड होते. तिची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. पण ती अहवाल सभागृहात ठेवते, विरुद्ध मताच्या सदस्याची टिपणी त्याला जोडली जाते, आणि तो अहवाल कोणालाही वाचता येतो. शिवाय मोठ्या विधेयकावर समिती लोकांकडून लेखी निवेदने मागवते. तशी जाहिरात वर्तमानपत्रात येते आणि मुदत बहुधा पंधरा दिवसांची असते. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत मागतात. हे दोन्ही लिहिणारी पोरे-पोरी आता आपल्या घरांतून छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजांत जातात. रविवारी विहारात वंदना झाल्यावर तासभर बसून अशा एखाद्या विधेयकाची कलमे मोठ्याने वाचायला त्यांना सांगता येईल, आणि मजुरी करणाऱ्या बाईला त्यातले काय लागू होते, हे आधी तिलाच विचारता येईल.