घाणेरीखालचा मोह

दिवाळीच्या आधी घर झाडायचे, माळ्यावरची अडगळ खाली काढायची, ही आपली जुनी रीत. त्या दोन दिवसांत घरातल्या प्रत्येकाला थोडीशी न्यायाधीशाची खुर्ची मिळते. हे ठेवा, ते टाका! घरात अशा निवाड्याने फारसे बिघडत नाही. फार तर एखादी जपून ठेवलेली वही रद्दीत जाते. पण हाच निवाडा मला एका टेकडीवर करावा लागला, आणि तो मला अजून सोडत नाही.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने मनसर गाठले की उजव्या हाताला रामटेकचे डोंगर दिसतात. त्या बाजूच्या एका उतारावर वडिलांनी तीन एकर बरड जमीन घेऊन ठेवली होती. वडील गेले, सातबाऱ्यावर माझे नाव चढले, आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी ती पहिल्यांदा नीट पाहायला गेलो. जमीन दिसलीच नाही. दिसली ती घाणेरी, माणसाच्या डोक्याइतकी उंच, एकात एक गुंतलेली.

तिकडे तिला रायमुनिया म्हणतात. नाव गोड, फुलेही गोजिरवाणी. लहानपणी तिची काळी पिकलेली फळे आम्ही खाल्ली आहेत. ही झुडपे मूळची अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात शोभेसाठी लावली गेली. पुढे कुंपणे झाली, आणि मग बुलबुलांनी बिया उचलल्या त्या देशभर टाकल्या. पाला गुरांना बाधतो, खाली गवत धड वाढत नाही, आणि उन्हाळ्यात ठिणगी पडली तर रान पेटायला वेळ लागत नाही.

रामटेक म्हणजेच मेघदूतातला रामगिरी, असे नागपूरच्या वा. वि. मिराशींनी साधार मांडले. त्या काव्याच्या पहिल्याच श्लोकात तिथल्या आश्रमांजवळच्या दाट सावलीच्या झाडांचा उल्लेख आहे. माझ्या मनाने लगेच घेतले की या परक्या झुडपाला हाकलून द्यावे आणि कालिदासाची सावली परत आणावी. उदात्त विचार मनात आला की माणूस फार घाईत असतो.

मी मे महिन्यात जेसीबी बोलावला. एका दिवसात निम्मा उतार स्वच्छ झाला. संध्याकाळी ती उघडी तांबूस जमीन पाहून मला नुकत्याच सारवलेल्या अंगणाची आठवण झाली. घरी आल्यावर मी पत्नीला ते कौतुकाने सांगितलेही.

जूनमधल्या पहिल्या दोन पावसांत ते अंगण वाहून गेले. उताराच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याची धानाची बांधी आहे. तिच्यात माझ्या टेकडीचा मुरूम घोट्याइतका साचला. तो भांडला नाही. मला हाताला धरून तिथे नेले आणि म्हणाला, "भाऊ, तुमची जमीन माह्या वावरात आली. आता सांगा, कोनाची म्हनाची?"

या प्रश्नाला सातबाऱ्यात उत्तर नाही. कायदा म्हणावा, तर 1964 सालापासून आपल्या राज्यात मोह, आंबा, साग अशी ठरावीक झाडे स्वतःच्या जमिनीवरची असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. पण गुडघाभर रोपट्यासाठी कोण कचेरीची पायरी चढतो? झुडपाच्या मुळांनी धरलेली माती तर कोणाच्या हिशेबातच नसते. मी नियमाने वागलो होतो, आणि शेजाऱ्याची बांधी बुजली होती. दोन्ही खरे होते.

मग वाटू लागले, की मुळात घाणेरी काढायचीच चूक झाली काय? ती परकी, हे माझे कारण तर तकलादूच निघाले. परकेपण हा गुन्हा ठरवला तर यंदाच्या चिवड्यातून शेंगदाणे आणि मिरची दोन्ही वेचून काढावी लागतील, आणि रामटेकच्या वाटेवर टोपलीतून विकायला येणारे सीताफळही परत पाठवावे लागेल. ही सारी अमेरिकेतूनच आलेली. त्यांच्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही, कारण ती शेजाऱ्याला जगू देतात. घाणेरी देत नाही. हे कारण मला पटते; पण मग त्याच कसोटीवर तो मे महिन्यातला मी कुठे उभा राहतो, हेही विचारावे लागते.

घाई केवळ माझीच नव्हती, एवढेच समाधान. 1941 साली घाणेरीचा नायनाट करण्यासाठी ऑस्ट्रेलियातून एक किडा डेहराडूनला आणला होता. तो सागाच्या फुलांवरही जगतो असे दिसले, म्हणून सारी पैदास नष्ट करण्यात आली. तरी काही किडे निसटले ते निसटलेच. किडा पसरला, आणि घाणेरीही आहे तिथेच आहे.

उरलेल्या निम्म्या उतारावर मग यंत्र नेले नाही. वडिलांच्या वेळचे एक म्हातारे सालदार होते, त्यांना विनंती केली. ते म्हणाले, "सारं एकदम काढाल त मातीले कोन धरन?" त्यांची रीत निराळी. पाऊस थांबला, जमीन अजून ओली, अशा वेळी एकेक झुडूप घ्यायचे. वर कापले की ते दुप्पट फुटते, म्हणून खोडाच्या बुडाखाली कुदळ घालून गड्ड्यासकट उपटायचे आणि मुळ्या वर करून तिथेच आडवे ठेवायचे. दोन हात मोकळे केले की चार हात तसेच सोडायचे, पुढच्या वर्षासाठी.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. काटेरी जाळीच्या आत मोहाचे रोप उभे होते. पलीकडे तेंदूची दोन, एक चारोळीचे. बकऱ्यांचे तोंड जिथे पोचत नाही तिथेच ती वाचली होती. ज्या घाणेरीला मी चोर म्हणत होतो, ती या चौघांची राखणदार झाली होती. तिने सूर्यप्रकाश अडवला होता, हेही खरेच. रोपे बारीक होती, उजेडासाठी वाकलेली. मी म्हाताऱ्यांना विचारले, मग ही जाळी ठेवायची की काढायची? ते हसले. "काढाची. पन आधी काटेरी फांद्याचं कुंपन करा, मंग."

स्वच्छ केलेल्या निम्म्या भागात अशी किती रोपे होती, हे आता कळायला मार्ग नाही. तिथे यंदा घाणेरीच पुन्हा दाट उगवली आहे, सोबतीला गाजरगवत.

शेजाऱ्याला मी पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत. मुरूम काढायला या, म्हणाला. गेलो. त्याचे दोन मुलगे आणि मी, तीन दिवस घमेली वाहिली. पाठ आठवडाभर दुखली. धान उशिरा रोवले गेले, ते यंदा पिकेल तेवढे पिकेल.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी पुन्हा जाऊन आलो. पत्नीने जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या दिल्या होत्या. जाळीत हात घालून, ओरखडे काढून घेत, दिसेल त्या रोपाला एकेक बांधली, म्हणजे पुढच्या वर्षी कुदळ जपून पडेल. अकरा चिंध्या नेल्या होत्या. कमी पडल्या.