अनागतविधात्याचें कर्तव्य

पंचतंत्रांतील तीन मत्स्यांची गोष्ट आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं बालपणीं ऐकली असेल. कोळी उद्यां जाळें टाकणार हें कानीं पडतांच अनागतविधाता तळें सोडून जातो. प्रत्युत्पन्नमति जाळ्यांत सांपडतो खरा, पण मेल्याचें सोंग घेऊन सुटतो. आणि व्हावयाचें तें होईल असें म्हणून स्वस्थ बसलेला यद्भविष्य प्राणास मुकतो. गोष्ट संपली म्हणजे दूरदर्शीपणाची स्तुति आपण सर्वच करतों. परंतु व्यवहारांत आपली खरी प्रीति मधल्या माशावर असते. आयत्या वेळीं युक्ति लढविणाऱ्याचें आपणांस कौतुक वाटतें. आणि वर्षभर आधीं दोऱ्या, कंदील व याद्या जमवून ठेवणाऱ्यास आपण भित्रा तरी म्हणतों, नाहीं तर रिकामटेकडा. ही आवडनिवड केवळ स्वभावाची आहे, कीं तींत नीतीचाहि कांहीं प्रश्न गुंतलेला आहे, याचा विचार करण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

या विचारास निमित्त अगदीं लहान आहे. कृष्णाकांठच्या एका गांवच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुग्ण कल्याण समितीची बैठक होती, आणि तीस हजर राहण्याचा योग आम्हांस आला. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पुरानें सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांची काय अवस्था केली, हें त्या मंडळींनीं डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. तसा प्रसंग पुन्हा आला तर केंद्रानें काय करावें, याचा एक लेखी आराखडा तेथील तरुण डॉक्टरांनीं करून आणला होता. तो वाचून होतांच एक वृद्ध सभासद म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पावसाळा तोंडावर असतां अशुभ कशाला उच्चारतां?" दुसऱ्यांनीं विचारलें, "आज खोकल्याचें औषध संपलें म्हणून रोगी परत जातो, आणि उद्यांच्या पुरासाठीं सांठा करावयाचा होय?" तिसरे म्हणाले, "कोणास आधीं पाहावें आणि कोणास मागून, हें आतांच लिहून ठेवणें म्हणजे दयेला रजा देणें आहे." शेवटीं कोपऱ्यांत बसलेल्या आरोग्यसेविका हळूच म्हणाल्या, "सर, माझें घर नदीच्या बाजूला आहे. सासूबाई अंथरुणावर आहेत, दोन मुलें लहान आहेत. पाणी चढूं लागलें म्हणजे मीं कोठें असावें, तें यांत लिहिलें आहे का?"

पहिल्या तीन आक्षेपांस उत्तर देण्यास बैठकींतले सर्वच पुढें सरसावले. चौथ्या प्रश्नावर मात्र कोणी बोलेना. आमच्या मतें त्या चौघांच्या बोलण्यांत या विषयाचें सारें नीतिशास्त्र येऊन गेलें आहे. म्हणून त्याच क्रमानें आपणहि जाऊं.

अशुभ बोलूं नये, ही भावना केवळ भोळेपणाची म्हणून हंसण्यावारीं नेण्यासारखी नाहीं. संकटाचें सतत चिंतन करणारें मन खरोखरच दुबळें होतें. पण भीति आणि विचार या दोन वस्तु भिन्न आहेत, इतकेंच नव्हे, तर बहुधा परस्परविरुद्ध आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून गांवें उशिरां निजलेलीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचा भार. एका धक्क्यासरशीं हजारों माणसें त्यांखालीं गेलीं. त्या भागांत आदल्या वर्षीं धक्के बसले होते, आणि लोक भ्यालेहि होते. म्हणजे भीति होती. परंतु भीतीला विचाराचें रूप आलें नव्हतें. जें भय बोललें जात नाहीं तें मनांतल्या मनांत विरून जातें. जें बोललें जातें त्याची यादी करतां येते, आणि यादी झाली कीं भयाचा अर्धा भार उतरतो. तेव्हां संकटाचा उच्चार हें त्याचें आवाहन नव्हे. त्याची मोजदाद आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समोर बसलेला रोगी खरा, आणि उद्यांचा रोगी कल्पनेंतला. कल्पनेंतल्याकरितां खऱ्याच्या तोंडचा घांस काढणें हा अन्याय नव्हे काय? १९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल सादर करून खेड्यापाड्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रें उभारण्याची कल्पना मांडली, तेव्हांपासून या केंद्रांच्या मागें तुटवडा लागलेलाच आहे. सपाट प्रदेशांत तीस हजार आणि डोंगराळ भागांत वीस हजार वस्तीमागें एक केंद्र, हें सरकारी प्रमाण. एवढ्या माणसांना मोजकीं माणसें आणि मोजकीं औषधें पुरवावयाचीं. तेथें कपाटाचा एक कप्पा 'पुरासाठीं' म्हणून कुलूप लावून ठेवणें कोणास रुचेल?

परंतु आराखडा नीट वाचला तर असें दिसतें कीं, त्याला द्रव्यापेक्षां ध्यान अधिक लागतें. येत्या दोन महिन्यांत कोणत्या स्त्रियांची प्रसूति व्हावयाची आहे आणि त्यांपैकीं कोणाचें घर नदीपलीकडे आहे. इन्शुलिनवांचून कोणाचें चालणार नाहीं. क्षयरोगाच्या गोळ्यांत खंड पडतां कामा नये असे रोगी कोणते. लसी दोन ते आठ अंश उष्णतेंतच टिकतात, तर वीज गेल्यावर त्यांचीं शीतपेटी कोणी, कोणत्या वाटेनें, कोणत्या उंचावरच्या गांवीं न्यावी. पाणी चढलें कीं साप कोरड्या जागीं येतात, तर सर्पदंशावरील लस तळघराशेजारच्या कपाटांत कां. विहिरींत टाकावयाची क्लोरीनची भुकटी कोठें आणि तिचें माप कोणास ठाऊक. रुग्णवाहिकेचा नेहमींचा रस्ता बुडाला तर दुसरा कोणता. या प्रश्नांच्या उत्तरांना एक वही पुरते. आणि विशेष असें कीं, जी यादी पुरासाठीं केली ती आजहि उपयोगी पडते. ज्या केंद्रास आपल्या गरोदर स्त्रियांचीं घरें ठाऊक आहेत तें केंद्र उन्हाळ्यांतहि अधिक चांगलें केंद्र असतें. उद्यांचा रोगी आणि आजचा रोगी यांच्यांत आपण समजतों तेवढें वैर नाहीं.

शिवाय, संकट पाण्याबरोबर ओसरत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आंकडा सर्वांच्या स्मरणांत आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत दूषित पाण्यांतून चालल्यामुळें अनेकांना लेप्टोस्पायरोसिसचा ज्वर झाला, हें तितकें स्मरणांत राहत नाहीं. पूर बातमीचा विषय असतो. पुरामागून येणारा ताप दवाखान्याचा. वर्तमानपत्रें परत गेल्यावर ज्याचें काम वाढतें, त्यानेंच आधीं विचार केला पाहिजे.

आतां तिसरा आक्षेप. आधीं कोण आणि मागून कोण, हें ठरविणें निष्ठुरपणाचें आहे काय? येथें आम्हांस नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य दोमिनिक लारे याचें स्मरण होतें. रणांगणावर जखमींना उचलण्यासाठीं घोड्यांच्या हलक्या गाड्या त्यानें सुरू केल्या. आणि ज्याची जखम भारी त्याला आधीं पाहावयाचें, त्याचा हुद्दा कोणताहि असो, असा दंडक त्यानें घातला. हा नियम क्रूर दिसतो खरा. पण नियम नसतां काय होतें तें पाहा. ज्याचा आवाज मोठा, ज्याची ओळख जवळची, ज्याच्याबरोबर दहा माणसें आलीं, त्याचा नंबर पहिला लागतो. आणि जी बाई एकटी, निमूटपणें भिंतीला टेकून बसली आहे, ती कदाचित् सर्वांत अधिक आजारी असूनहि शेवटीं राहते. क्रम लावावयाचा नाहीं असें म्हटल्यानें क्रम नाहींसा होत नाहीं. तो फक्त बलवानांच्या हातीं जातो. दया समोरच्याला पाहते, न्याय न दिसणाऱ्यालाहि मोजतो. शांत चित्तानें, सर्वांसमक्ष, कोणाचेंहि नांव ठाऊक नसतां ठरविलेला क्रम हा दयेचा शत्रु नसून तिचा पहारेकरी आहे. मात्र एवढें खरें कीं, कोणताहि नियम समोरच्या माणसाकडे पाहण्याचें काम करूं शकत नाहीं. म्हणून आराखड्याच्या शेवटीं एक ओळ वैद्याच्या विवेकासाठीं मोकळी सोडलीच पाहिजे.

राहिला चौथा प्रश्न. आणि त्यापाशीं आमची लेखणीहि थबकते. सेवेच्या उच्च आदर्शाचें नांव निघालें कीं महाराष्ट्रास १८९७ ची पुण्याची प्लेग आठवते. हडपसराजवळच्या ससाणे मळ्यांत डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांना त्या रोगानें गांठलें, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. त्या त्यागापुढें कोणाचेंहि मस्तक नम्र होईल. परंतु त्यागाची थोरवी ही कीं तो मागितलेला नसतो. जो त्याग आपण दुसऱ्याकडून कागदावर लिहून मागतों त्याचें नांव त्याग नव्हे, वेठ आहे. ज्या संस्थेनें होडीची तजवीज केली नाहीं, उंचावरची खोली पाहून ठेवली नाहीं, बदली माणूस नेमला नाहीं, तिनें ऐन रात्रीं आरोग्यसेविकेस 'कर्तव्य' या शब्दाची आठवण करून द्यावी, याला कोणता अधिकार? आमच्या मतें दुसऱ्यास कर्तव्य सांगण्याचा अधिकार दूरदृष्टीनें विकत घ्यावा लागतो. जितकी तयारी अगोदर केली असेल तितकेंच धैर्य आयत्या वेळीं मागावें. आराखड्याचा खरा हेतु वीर निर्माण करणें हा नाहीं. वीरांची गरज कमी करणें हा आहे.

येथें कोणी म्हणेल, सर्व तयारी करूनहि एखादे वेळीं एकीकडे सासू व मुलें आणि दुसरीकडे अडलेली बाळंतीण असा प्रसंग येईलच, तेव्हां काय? येईल. त्या प्रसंगाचें उत्तर कोणत्याहि वहींत नाहीं, आणि तें असल्याचा आव आणणें हा अप्रामाणिकपणा होईल. तो निर्णय त्या बाईंचा. आणि त्या जो निर्णय घेतील त्याबद्दल कोरड्या जागीं बसलेल्यांनीं त्यांना दोष देऊं नये. आपल्या हातीं एवढेंच आहे कीं, असे प्रसंग दहा येणार असतील तर त्यांतले नऊ येऊं द्यावयाचे नाहींत.

त्या दिवशीं बैठकींत शेवटीं काय झालें तें सांगून हा लेख पुरा करतों. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग डॉक्टरांनीं आपला कागद पुढें ओढला, आणि पहिल्या कलमाच्याहि वर नवें कलम लिहिलें: पाण्यानें धोक्याची खूण गांठण्यापूर्वीं केंद्रांतील सर्व कामकऱ्यांच्या घरची मंडळी उंचावरच्या शाळेंत पोंचवावी. ज्या वृद्ध सभासदांनीं अशुभाचा आक्षेप घेतला होता, तेच म्हणाले, "बाईंच्या सासूबाईंना न्यायला माझी बैलगाडी लिहा. ट्रॅक्टर चिखलांत रुततो." त्यांनीं आणखी एक सूचना केली, ती आम्हांस फार मोलाची वाटली. ही वही खालच्या कपाटांत ठेवूं नका, म्हणाले. मागच्या पुरांत तें कपाट पाण्याखालीं होतें.

पंचतंत्रांतील अनागतविधाता शहाणा होता, यांत शंका नाहीं. त्यानें इतरांस सुचवून पाहिलें, आणि मग तो निघून गेला. परंतु गांवच्या दवाखान्यास तळें सोडून जातां येत नाहीं. तेथें यद्भविष्य म्हणून बसलेल्यांचाहि भार त्यालाच वाहावयाचा असतो. जेथून निघून जातां येत नाहीं तेथें दूरदृष्टि ही चतुराई राहत नाहीं, ती ऋण होते. आणि तें फेडण्याची वेळ आकाश निरभ्र असतांनाच असते.