उडी हवेत असताना

१९०५ साल, पॅरिस. झाक आंरी लार्तिग नावाचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा जिन्यासमोर कॅमेरा घेऊन उभा आहे. त्याची नात्यातली एक बहीण पायऱ्यांवरून उडी घेते. फोटोत ती हवेतच आहे, झगा फुगलेला, हात पसरलेले. असे घरचे खेळ तो हौसेनं टिपायचा, वहीत चिकटवायचा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं ते फोटो मांडले १९६३ मध्ये, तेव्हा तो ६९ वर्षांचा होता!

आपल्याकडे ३६ फोटोंच्या रोलमध्ये बारसं, मुंज, सहल सगळं बसवायचं असे. म्हणून सगळे ताठ उभे. ती काटकसर खरीच होती. आता रोल गेला, पण “नीट उभी राहा गं” मात्र राहिलं.

परवा भाचीनं माझा मोबाइल घेतला आणि लख्ख घासलेल्या तांब्याचा फोटो काढला. त्याच्या फुगीर पोटात अख्खं स्वयंपाकघर मावलं होतं. खिडकी धनुष्यासारखी वाकलेली, आजी बोटाएवढी, ओट्याजवळ. आजीनं चष्मा लावून पाहिलं, हसली आणि म्हणाली, “थांब, आता परात आणते.”