सावकाराची अट

बोईसरजवळच्या एका वारली पाड्यावर बुलेट ट्रेनच्या जमिनीसाठी ग्रामसभा भरली होती. मोजणीला आलेले साहेब समजावत होते, "पैसा जपानच्या जायका संस्थेचा. व्याज शेकडा अवघं ०.१, फेड ५० वर्षांत, पहिली १५ वर्षं हप्ताच नाही. असं कर्ज कुणाला मिळतं?"

मागं बसलेली म्हातारी उठली. "साहेब, व्याज कळलं. अट सांगा."

साहेबांना प्रश्नाचा रोख कळेना. पाड्यावरच्या जुन्या माणसांना तो लगेच कळला. म्हातारीचा बाप लग्नगडी होता. लग्नापुरते पैसे त्यानं सावकाराकडून उचलले आणि नवराबायको दोघं सावकाराच्याच शेतावर राबत राहिली. रक्कम थोडीच होती. आयुष्य गेलं ते अटीपायी. १९४५ साली वारल्यांनी झरी गावी जमून वेठ नाकारली, तेव्हा कुठं ती गाठ सुटू लागली.

"अट कसली? काही नाही," साहेब म्हणाले.

"आहे, आजी." कॉलेजात शिकणारी नात मोबाइल घेऊन पुढं आली. जायकाची पर्यावरणविषयक नियमावली तिला सापडली होती. इंग्रजी वाचत ती मराठीत सांगू लागली. प्रकल्पाचे परिणाम लोकांना त्यांच्या भाषेत समजावायचे. जमीन जाणाऱ्याचं जगणं निदान पूर्वीइतकं तरी सावरायचं. नियम मोडल्यानं नुकसान झालं, तर दोन रहिवासीसुद्धा थेट जायकाकडं लेखी तक्रार करू शकतात.

म्हातारी बराच वेळ गप्प राहिली. "म्हणजे हा सावकार आमच्या बाजूनं अट घालतो, आणि ती आम्हालाच कुणी वाचून दाखवत नाही?"

ग्रामसभेनं त्या दिवशी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. ठराव लिहिला: नियमावली आणि अहवाल मराठीत द्या, वाचू, मग बोलू. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्यानं जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावीच लागते.

म्हातारीचा प्रश्न मला खाडीकाठच्या तिवरांसाठीही विचारावासा वाटतो. याच मार्गासाठी मुंबई, ठाणे, पालघरमधली सुमारे २२ हजार तिवरं तोडायला उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. बदल्यात नवी लावायची आहेत. पण ती वाढेपर्यंत तिथं निवटे, चिंबोरी धरणाऱ्यांनी काय खायचं, हे कोणत्या सभेत ठरलं?

परदेशी कर्जाचा प्रकल्प तुमच्या गावात आला, तर आधी धनकोची नियमावली मराठीत मागा आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडंही दोन बाधित माणसं तक्रार नेऊ शकतात.