नेमाची वही

गेल्या जानेवारीत आम्ही एक नवी रोजनिशी विकत आणली. एका दिवसाला एक पान, लाल पुठ्ठा, खूण ठेवायला फीत. पहिल्या पानावर 'श्री' काढली आणि रोज रात्री निजण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाची कामे लिहू लागलो. पंधरा दिवस उत्साह असा की, कामे करण्यापेक्षा लिहिण्याचीच गोडी अधिक! मग एक दिवस चुकला, पुढे दोन चुकले आणि माघी एकादशी होऊन गेली तोवर वही कपाटावर जाऊन बसली. मनाची समजूत घातली की, खिशात मोबाईल आहे, तो वेळेवर वाजतो, मग हा कागदाचा खटाटोप हवा कशाला?

वाचकहो, एवढ्यावर भागले असते तर ही हकिकत येथे सांगण्याचे कारण नव्हते. पण पुढे असे झाले की, आमचे एक जुने स्नेही आजारी होते. बरोबर वारी केलेले, एका ताटात जेवलेले. "बुधवारी येतो," असे आम्ही त्यांना कळवले. बुधवारी मोबाईल वाजला, नाही असे नाही. आम्ही दुसऱ्या कशात तरी गुंतलो होतो. अंगठ्याने तो आवाज बंद केला आणि मनात म्हटले, जाऊ उद्या. शुक्रवारी पहाटे ते गेले. नंतर भेटायला गेलो तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, बुधवारी त्यांनी चहा थांबवून ठेवला होता. म्हणाले, तो येऊ दे, मग घेऊ."

त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. घरी आलो, कपाटावरची वही काढली आणि कोरी पाने पाहत बसलो.

आता कोणी म्हणेल, वहीत लिहिले असते तर तुम्ही खात्रीने गेला असता काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर, खात्री नाही. कागदाला काही पाय नसतात. पण एक भेद आहे. यंत्र आठवण देते ती बाहेरून. ती आली तशी पुसून टाकता येते आणि मागे डाग उरत नाही. हाताने लिहिलेले वचन मात्र आपले अक्षर असते. ते मोडायचे तर आपल्याच अक्षरावर रेघ मारावी लागते, आणि रेघ मारताना हात क्षणभर तरी अडतो. माणसाला सावध व्हायला तेवढा क्षण पुष्कळदा पुरतो.

मग असली उपयोगाची वही आम्ही टाकली का? उत्साह संपला, हे झाले वरवरचे उत्तर. खरे कारण आम्हांला जुनी पाने चाळताना सापडले. एकेका दिवशी आम्ही वीस-वीस कामे मांडली होती. त्यांतली पाच होत, पंधरा राहत. ती दुसऱ्या दिवसावर, तिथून तिसऱ्या दिवसावर. व्याजावर व्याज चढावे तशी बाकी चढत गेली, आणि मग सावकार दिसला की कुळाने गल्ली बदलावी तसे आम्ही त्या वहीला चुकवू लागलो. उत्साह आपोआप मेला नाही. आमच्या हावेने त्याला मारले. हाव पैशाचीच असते असे थोडेच आहे? सत्कृत्यांचीही असते, आणि ती लवकर ओळखू येत नाही.

या बाबतीत अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन या गृहस्थाची हकिकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अठराव्या शतकातील हा मुद्रक आपल्या आत्मचरित्रात सांगतो की, त्याने तेरा गुणांची एक लहान वही केली होती. एका आठवड्यात एकाच गुणावर विशेष लक्ष द्यायचे, असे तेरा आठवडे, म्हणजे वर्षातून चार फेरे. रोज रात्री जिथे चूक झाली असेल तिथे काळा ठिपका मांडायचा. नवा फेरा सुरू करताना जुने ठिपके खोडावे लागत. खोडून खोडून कागदाला भोके पडली, तेव्हा त्याने हस्तिदंताची पाने घेतली आणि ओल्या स्पंजाने पुसून तीच पुन्हा वापरू लागला. सर्वांत जड त्याला कोणता गुण गेला? नीटनेटकेपणा, ज्याची त्याची जागा आणि ज्याचा त्याचा वेळ सांभाळणे! पूर्णत्व काही मिळाले नाही, पण त्या खटपटीने आपण अधिक बरे आणि सुखी झालो, असे तो मोकळेपणाने कबूल करतो. आम्हांला यात थोर वाटते ते हे की, भोके पडली म्हणून त्याने वही टाकली नाही, पाने बदलली.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्याच डोळ्यांसमोरची गोष्ट आहे. 2020 साली रोगाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी.च्या गाडीने पंढरीस नेल्या. 2021 सालीही तसेच झाले. ज्यांची वारी पिढ्यान्‌पिढ्या चुकली नव्हती, त्यांच्या नेमात दोन कोरी पाने पडली. पण 2022 साली वाट मोकळी झाली, तेव्हा "दोन वर्षे मोडलीच आहेत, आता कशाला" असे कोणी म्हणाले काय? लोक लोटले, आणि चालू लागले. हुरूप घरी बसून गोळा करावा आणि मग निघावे, असे कोणी केले नाही. चालता चालता हुरूप आला. आम्ही मात्र उलटे धरून बसलो होतो. उत्साह येईल तेव्हा वही उघडू म्हणत होतो, आणि उत्साह बिचारा बंद वहीतच अडकून पडला होता.

काही भाविकांना असेही वाटेल की, सर्व त्याच्या हाती असताना उद्याची आखणी करणारे आपण कोण? शंका रास्त आहे. पण वारीकडे पाहा. प्रस्थानाची तिथी ठरलेली, मुक्काम ठरलेले, दिंडीची जागासुद्धा ठरलेली. पाऊस येईल, चिखल होईल, कोणी आजारी पडेल, ते कोणाच्या हाती नाही. तरीही निघण्याची वेळ आपण पाळतो. आखणीत अहंकार नाही. आखले तसेच झाले पाहिजे या हट्टात तो आहे. उद्याचा दिवस आपला नाही हे खरे, पण उद्याचे दिलेले वचन आपलेच आहे.

म्हणून आम्ही पुन्हा आरंभ केला आहे. नवी वही आणली नाही, तीच घेतली. मधली कोरी पाने मागाहून भरली नाहीत, ती खोटी साक्ष झाली असती. ती तशीच राहू दिली. दिवसाला तीनच कामे लिहायची, आणि त्यांतले एक दुसऱ्या कोणाला दिलेल्या शब्दाचे असलेच पाहिजे. राहिले तर का राहिले ते एका ओळीत लिहायचे. एखाद्या रात्री कंटाळा आला तर नुसती तारीख घालायची, पण वही उघडायची. महिना झाला. पहिल्यासारखी उकळी नाही, पण निखारा आहे, आणि रात्रभर ऊब टिकते ती निखाऱ्याचीच.

असो. तुमच्याही कपाटावर अशी एखादी वही पडली असेल. तिच्या कोऱ्या पानांना लाजू नका. धूळ झटका, आजची तारीख घाला, आणि कोण आपली वाट पाहत आहे, ते नाव आधी लिहा. आमच्या पानावर येत्या बुधवारी वहिनींचे नाव आहे.