शाळेच्या समितीवर कोणाला निवडावे?

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत पालकसभा भरते, विषयपत्रिकेवर शाळा व्यवस्थापन समितीची निवड असते, आणि बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासात सगळे उरकते. मजुरी बुडवून आलेल्या आया मागे भिंतीला टेकून बसलेल्या असतात. मुख्याध्यापक नावे सुचवायला सांगतात. पुढच्या रांगेतला कोणी एक नाव घेतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या वाजतात. गावात निवड बिनविरोध झाली याचे आपण कौतुक करतो. मला मात्र त्याची काळजी वाटते, कारण पुढची दोन वर्षे शाळेवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला त्या अर्ध्या तासात कोणीही एकसुद्धा प्रश्न विचारलेला नसतो.

ही समिती नावापुरती नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आणि १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे समितीतले किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. महाराष्ट्राच्या नियमांत ही समिती बारा ते सोळा जणांची आहे. अध्यक्ष पालकांमधला आणि मुख्याध्यापक सचिव. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि सरकारकडून आलेला पैसा कुठे गेला हे पाहणे ही तिची कामे. (खासगी अनुदानित शाळांत तिचे काम सल्ला देण्यापुरते आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय.) या सदस्यांसाठी संसदेने शिक्षणाची कोणतीही अट घातली नाही. निरक्षर आई या समितीवर येऊ शकते, अध्यक्षही होऊ शकते. ते विचारपूर्वक ठेवले गेले आहे, असे मी मानतो.

यावरचा आक्षेप आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे: ज्यांना स्वतःला वाचता येत नाही ते शाळेवर काय देखरेख करणार? त्याला झटकून टाकणे मला पटत नाही, कारण तो विचारणारे सगळेच काही गर्विष्ठ नसतात. मुलांची काळजी असणारी माणसेही तो विचारतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो गंभीरपणे घेतला. हरियाणा सरकारने २०१५ साली पंचायत निवडणुकीच्या उमेदवारांवर शिक्षणाची अट घातली: सर्वसाधारण गटातल्या पुरुषांना दहावी, स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या पुरुषांना आठवी, पंच होऊ इच्छिणाऱ्या अनुसूचित जातीच्या स्त्रियांना पाचवी. या अटीमुळे राज्यातल्या अनुसूचित जातींच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया उमेदवारीला मुकणार होत्या. तरी १० डिसेंबर २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती सप्रे यांच्या खंडपीठाने ती वैध ठरवली. चांगले-वाईट ओळखण्याची शक्ती शिक्षणातूनच येते, असा निकालातला युक्तिवाद होता. राजस्थानने अशीच अट घातली होती, ती २०१९ मध्ये मागे घेतली. महाराष्ट्रात सरपंचपदासाठी सातवी उत्तीर्ण ही अट आहे, पण ती १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच. जुन्या पिढीला सोडले म्हणून ही अट त्यातल्या त्यात सौम्य वाटते. मात्र १९९५ साली जन्मलेले मूल २०१० साली पंधरा वर्षांचे होते आणि शिक्षणाचा हक्क आला तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. ज्या मुलीला सातवीच्या आधी शाळा सोडावी लागली तिला तो हक्क कधी मिळालाच नाही. पुढे अट तेवढी तिच्या वाट्याला आली.

डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनच्या काळात प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तेव्हा त्यांच्यासमोर हाच आक्षेप होता. निरक्षर माणूस निर्बुद्ध असतो आणि साक्षर माणूस अधिक समंजस असतो, ही दोन्ही गृहीतके त्यांनी नाकारली. त्याला आता शंभर वर्षे होत आली. पदवी ही बऱ्याच अंशी समाजाने आपल्याला काय दिले याची नोंद असते. ज्याला शाळाच मिळाली नाही त्याला शाळेच्या कारभारातूनही वगळायचे, म्हणजे एका अन्यायावर दुसरा रचायचा.

तेवढ्यावर थांबणेही मात्र खोटेपणाचे होईल. ‘मी पालक आहे, माझे मूल इथे शिकते’ ही पुरेशी पात्रता आहे असे मी म्हणणार नाही. या मंडळींच्या निर्णयातून मुलांचे खरेखुरे नुकसान होऊ शकते, आणि त्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे.

अमेरिकेत शाळांचा कारभार स्थानिक स्कूल बोर्डाकडे असतो. बहुतेक ठिकाणी सदस्य मतदारांनी निवडून दिलेले असतात. पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हर या छोट्या गावाच्या बोर्डावर नऊ सदस्य होते. १८ ऑक्टोबर २००४ रोजी त्यांनी सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीचा धडा सुरू होण्याआधी मुलांना एक निवेदन वाचून दाखवावे. डार्विनच्या सिद्धान्तात त्रुटी आहेत, आणि सजीवांच्या रचनेमागे कोणी बुद्धिमान रचनाकार असल्याचा पर्यायी विचार हवा असेल तर ग्रंथालयात पुस्तक ठेवले आहे, असा त्याचा आशय. विज्ञानाच्या शिक्षकांनी निवेदन वाचायला नकार दिला. शेवटी प्रशासनातली माणसे वर्गात जाऊन ते वाचून आली. त्याआधीच, डिसेंबरमध्ये, अकरा पालक न्यायालयात गेले होते.

खटल्यातून जे बाहेर आले ते वाचताना माझे मन धर्म आणि विज्ञान या वादात फारसे अडकले नाही. मला अस्वस्थ केले ते बोर्डाच्या कामाच्या पद्धतीने. ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्या सदस्यांपैकी अनेकांना आपण कशाला मत दिले हे न्यायालयात सांगता आले नाही. कोणी म्हणाले, अमुक सदस्यांवर आमचा विश्वास होता. बोर्डाच्या स्वतःच्या वकिलाने धोक्याची सूचना दिली होती, ती बाजूला ठेवली गेली. वर्षानुवर्षे विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांचे म्हणणे मानले नाही. बाहेरच्या एकाही वैज्ञानिक संस्थेला विचारले नाही. पुस्तकाच्या साठ प्रती शाळेला भेट मिळाल्या होत्या. त्यासाठी एका सदस्याच्या चर्चमध्ये पैसे गोळा झाले होते, आणि जबाब देताना ते लपवले गेले. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानी निकाल दिला. ठराव घटनाबाह्य ठरला आणि पालकांच्या वकिलांच्या खर्चापोटी शाळेच्या तिजोरीतून दहा लाख डॉलर गेले. तिथल्या करदात्यांनी मुलांसाठी भरलेला तो पैसा होता.

निकालाच्या सहा आठवडे आधी, ८ नोव्हेंबरला, बोर्डाची निवडणूक झाली. नऊपैकी आठ जागांसाठी मतदान होते, आणि ठरावाच्या बाजूचे आठही उमेदवार पडले. निवडून आलेल्यांत त्या शाळेत पूर्वी भौतिकशास्त्र शिकवलेला, खटल्यातला एक पालकही होता. डोव्हरच्या मतदारांना आदल्या वर्षभरात उमेदवार ओळखण्याची एक संधी मिळाली होती, जी सहसा कोणाला मिळत नाही: माणूस आपल्याला न कळणाऱ्या विषयावर निर्णय घेण्याची वेळ आली की कसा वागतो, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले होते.

डोव्हरच्या बोर्डाला साक्षर माणसे कमी नव्हती. मत देण्याआधी कागद वाचणारी, समजले नाही तर विचारणारी, आणि जाणकार ‘थांबा’ म्हणतो तेव्हा थांबणारी माणसे कमी पडली. ठरावाविरुद्ध मत देणारे तिघे तेच करत होते, आणि ते हरले. शाळेच्या समितीवरच्या माणसाची खरी पात्रता मला इथे दिसते. सातवीपर्यंतही न पोचलेल्या बाईत ती असू शकते आणि पदव्युत्तर शिक्षण झालेल्या माणसात नसू शकते. मग ती निवडीच्या आधी ओळखायची कशी?

न्यूजर्सीत आपली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि तिथे स्कूल बोर्डाची निवडणूक त्यांच्या घरात चर्चेला येते. त्या राज्याचा कायदा उमेदवाराकडून फार थोडे मागतो: नागरिक असावा, त्या शाळा-जिल्ह्यात वर्षभर राहिलेला असावा, मतदार असावा, लिहिता-वाचता यावे. काही गुन्ह्यांत शिक्षा झालेला चालत नाही, आणि बोर्डाशी कंत्राटाचा किंवा दाव्याचा संबंध असलेला माणूस चालत नाही. मानधन नाही. निवडून आल्यावर प्रशिक्षण मात्र सक्तीचे. पदवी मागण्यापेक्षा हितसंबंध तपासणे आणि प्रशिक्षणाची सक्ती करणे, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे समितीवर येणाऱ्या पालकाचा भाऊ शाळेच्या खोल्या बांधणारा ठेकेदार आहे का, पोषण आहाराचा माल त्याच्याच दुकानातून येतो का, हे सभेत कोण विचारते? गावात हे सगळ्यांना माहीत असते आणि माहीत आहे म्हणूनच कोणी बोलत नाही.

इंग्लंडचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. १८७० च्या शिक्षण कायद्याने तिथे निवडून आलेली स्कूल बोर्डे आली, आणि संसदेच्या निवडणुकीत स्त्रियांना मत नव्हते त्या काळात या बोर्डांवर त्या उभ्या राहू शकल्या. लंडनच्या पहिल्याच निवडणुकीत एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस निवडून आल्या. मतदाराला जितक्या जागा तितकी मते होती आणि ती सगळी तो एकाच उमेदवाराला देऊ शकत होता. त्यामुळे लहान गटांनाही आपला माणूस आत पाठवता येई. १८८८ साली टॉवर हॅम्लेट्स या गरीब भागातून ॲनी बेझंट निवडून आल्या. पुढे भारतात येऊन काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या त्याच. त्यांनी विज्ञानाचा अभ्यास केला होता, पण हाती पदवी नव्हती. त्याच वर्षी काडेपेटी कारखान्यातल्या मुलींच्या संपात त्या उभ्या राहिल्या होत्या. मतदारांनी त्यांचे ते काम पाहिले होते. उपाशी मुलांना शाळेत जेवण मिळावे आणि बोर्डाच्या कंत्राटदारांनी कामगारांना रास्त मजुरी द्यावी, यासाठी त्या बोर्डात भांडल्या.

उपाशी मुलाला शाळेत जेवण हा विषय आपल्या समित्यांचाही रोजचा आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. सहावी ते आठवीला १५० आणि ३० ग्रॅम. प्राथमिक शाळेत साठ मुले हजर असतील तर सहा किलो तांदूळ आणि सव्वा किलोला थोडी कमी डाळ शिजली पाहिजे. रोज दहा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला पातेले पाहून कळते की डाळ सव्वा किलोची आहे की अर्ध्या किलोची. हजेरीपटावर साठ आणि पंगतीत चाळीस असतील तर तेही तिलाच आधी दिसते. या कामात तिची पात्रता माझ्यासारख्या लेखणीच्या माणसाहून जास्त आहे, हे मी मनापासून म्हणतो. अनुदानाच्या हिशेबात मात्र तिला मदत लागेल. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान आहे आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च व्हायचे असतात. म्हणजे अडीच हजार रुपये. शौचालयाचे दार मोडलेले आहे आणि खर्च मात्र दाखवलेला आहे, हे पकडायला पावती वाचणारा कोणीतरी समितीत हवा. बारा-सोळा जणांची समिती असते ती यासाठीच. एका माणसात सगळे गुण शोधण्याऐवजी पातेले ओळखणारी, पावती वाचणारा, दिव्यांग मुलाची आई, वस्तीवरून तीन किलोमीटर चालत येणाऱ्या मुलीचा बाप, अशी माणसे एकत्र बसवायची असतात. कायद्यातली निम्म्या स्त्रियांची आणि वंचितांच्या प्रमाणाची अट हेच सांगते. ती आरक्षणाची सक्ती म्हणून पाळली की स्त्री सदस्याच्या जागी नवरा बैठकीला येऊन बसतो, आणि सही तेवढी तिची होते.

म्हणून सभेत उमेदवाराला विचारावे ते शिक्षण नव्हे. गेल्या वर्षभरात शाळेत किती वेळा गेलात आणि कशासाठी? मुख्याध्यापकांना न पटणारी एखादी गोष्ट त्यांच्याशी बोललात का? शाळेच्या कोणत्या खर्चात तुमचा किंवा तुमच्या घरच्यांचा संबंध येतो? एखादा ठराव समजला नाही तर काय कराल? शेवटच्या प्रश्नाला ‘सह्या करणारे सगळे आपलेच आहेत’ असे उत्तर आले, तर ते डोव्हरमध्येच ऐकू आलेले उत्तर आहे. ‘समजेपर्यंत सही करणार नाही’ असे म्हणणाऱ्या उमेदवाराला मी माझे मत देईन, मग त्याने अंगठा उठवला तरी हरकत नाही.

हे प्रश्न मुख्याध्यापकांसमोर आणि सरपंचांसमोर मोठ्याने विचारणे गावातल्या मजूर आईला सोपे नाही. तिचे मूल त्याच वर्गात बसते आणि तिला काम त्याच माणसांकडे मागायचे असते. हात वर करून घेतलेल्या मतात ही भीती मोजली जात नाही. इच्छुकांची नावे आठवडाभर आधी फळ्यावर लागावीत, प्रत्येकाला सभेत पाच मिनिटे बोलू द्यावे, प्रश्न चिठ्ठीवर घेऊन कोणीतरी वाचून दाखवावेत आणि मत चिठ्ठीनेच व्हावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी उमेदवारांना चिन्हे द्यावीत. मुलेच ती चिन्हे आनंदाने काढून देतील. एवढ्याला सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही, सभा ठरवू शकते. आणि नवी निवड होण्याआधी जुन्या समितीने दोन वर्षांची इतिवृत्ते आणि खर्चाच्या पावत्या त्याच सभेत, सगळ्यांना कळेल अशा भाषेत, वाचून दाखवाव्यात.