सोडून दिलेला मासा

हिवाळ्यात पैठणला, धरणाच्या खाली, गोदावरीकाठी आम्ही दोघं मित्र गळ टाकून बसतो. मला रोहू लागला तर त्याचं कालवण होतं. मित्र मात्र गळ अलगद काढून मासा पाण्यात सोडतो. पाहणाऱ्याला दयाळू तोच वाटेल.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ऐन थंडीत स्टीलहेड मासा धरायला लोक नदीत उतरतात. नदीतच जन्मलेला स्टीलहेड तिथे सोडावाच लागतो, कारण त्यांची संख्या घटली आहे. जर्मनीत याच्या उलट. केवळ मौजेखातर मासा धरून सोडणं म्हणजे प्राण्याला विनाकारण वेदना देणं, असं तिथला कायदा मानतो.

आपल्याकडचा रोहू मूळचा गंगेच्या खोऱ्यातला, इथे बीज सोडून वाढवलेला. जात वाचवण्याचं कारण मित्रापाशी नाही. तरी सोडलेल्या माशाला जीव परत मिळतो, आणि माशाच्या दृष्टीने तेच सर्वस्व. मी भुकेचं कारण सांगावं, तर घरात डाळ शिजतेच.

दोघांचा हिशेब मासा हातात आल्यावर सुरू होतो. जखम तर आधीच झालेली असते. ती करायची का, हे गळाला कणकेची गोळी लावतानाच ठरवायला हवं. मला चव हवी असते, त्याला दोरीला बसणारा हिसका. दोन्ही सुखंच. फरक एवढाच, की माझ्या सुखाची किंमत मला ताटात दिसते; त्याच्या सुखाची किंमत पाण्याखाली निघून जाते.